नववी खुंटी

१

दुपारी दोन ते तीन आपण काम करतो, असं पिंपळझरी खाणीच्या सर्व्हे ऑफिसातल्या कोणी सांगितलं, तर तो माणूस एकतर नवा असायचा, नाहीतर खोटारडा. सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही मँगनीजची खाण. नोव्हेंबरात संत्री उतरायला लागत आणि ट्रक गेला की मागं सगळ्या रस्त्याला वास राही. ऑफिसच्या उंच खिडकीतून ऊन तिरपं आत येई, नकाशाच्या निळ्या छपाईचा अमोनियाचा उग्र वास त्या संत्र्यांच्या वासात मिसळे, आणि मुख्य मोजणीदार दत्तात्रय भिसीकर खुर्चीत मागं रेलून डोळे मिटत. त्याला ते झोप म्हणत नसत, विचार करणं म्हणत.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, कंपनीनं ऑफिसात कॉम्प्युटर आणला होता. साधा नव्हे, खास नकाशांचा. त्याच्यासोबत दिवाणाएवढं एक पांढरं टेबल आलं. टेबलाच्या पोटात बारीक तारांची जाळी. वर खाणीचा नकाशा पसरायचा आणि तारेचं शेपूट असलेला एक ठोकळा हातात धरायचा. ठोकळ्याला भिंग आणि भिंगात केसाएवढी बारीक फुली. फुली नकाशातल्या बिंदूवर आणून बटण दाबलं की कॉम्प्युटर ‘टुक’ करी आणि पडद्यावर हिरवे आकडे उमटत, आडवं इतकं, उभं इतकं. असे बिंदू टिपत टिपत पन्नास वर्षांची खाण त्या डब्यात उतरवायची होती. सत्तावन्नाव्या वर्षी भिसीकरांना त्यासाठी नागपूरला पंधरा दिवस पाठवलं होतं, आणि तिथल्या पोरांनी त्यांना ‘आजोबा’ म्हटल्याचा राग अजून गेलेला नव्हता. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते.

सोमवारी दुपारी ते असेच विचार करत पडले होते. टेबलावर सात नंबरच्या गॅलरीचा नकाशा चिकटवलेला होता. गॅलरी म्हणजे जमिनीखालचा आडवा बोगदा. ही सातवी गॅलरी शहात्तर साली पाणी भरून बुडाली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाशी विटांची भिंत होती. येत्या शनिवारी भिंतीला भोक पाडून आत रेती भरायची आणि गॅलरी कायमची बुजवायची, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता. त्याआधी तिचा नकाशा मशीनमध्ये गेला पाहिजे होता.

टुक.

भिसीकरांनी डोळे उघडले. ठोकळा टेबलावर नव्हताच. जेवायला बसताना त्यांनीच तो फडक्यात गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. कोपऱ्यात मनकर्णा माठात पाणी ओतत होती. चाळिशीची, अंगानं वाळकी बाई. ऑफिसची झाडलोट आणि चहापाणी तिच्याकडे होतं.

“मघापासून वाजून राहिली जी तुमची मशीन,” ती म्हणाली. “मले वाटलं तुम्हीच काही करून राहिले.”

“उंदीर लागला असेल तारेला,” भिसीकर म्हणाले.

ते उठून पडद्याजवळ गेले. आकड्यांची एक नवी ओळ आली होती. तिच्या वर तशीच एक, आणि त्याही वर तशीच.

२

मशीन विकणाऱ्या फर्मनं नागपूरहून मुकुंद दाणी नावाचा इंजिनिअर पाठवला, तो गुरुवारी सकाळी पोचला. पंचविशीचा, बोलघेवडा, आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. पण हातात कसब होतं. दहा मिनिटं मशीन न्याहाळून तो म्हणाला, “सर, टेन्शन नका घेऊ. ड्रायव्हरची गडबड दिसून राहिली.”

“ड्रायव्हर कुठी आहे याच्यात?” मनकर्णेनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

मुकुंद हसला. “काकू, टेबलाची भाषा कॉम्प्युटरला समजत नाही. मधात दुभाष्या लागतो. तो एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. टेबल म्हणते एक आणि हा सांगते दुसरंच, असं झालं की मग अशी भुताटकी सुरू होते.”

दिवसभर तो लागून राहिला. वायर काढली, तिचे पितळी दात खोडरबरानं घासले. ती दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. टेबलाखाली उताणा पडून बारीक बारीक खटके बॉलपेनच्या टोकानं वरखाली केले. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं. मशीन बंद करून फ्लॉपीवरून पुन्हा चालू केलं. प्रत्येक वेळी तो हात झटकून म्हणे, “आता पाहा,” आणि दर चार मिनिटांनी ठरल्यासारखं, टुक.

शेवटी त्यानं सगळे प्रोग्राम काढून टाकले आणि फक्त आकडे दाखवणारा एक तपासणीचा प्रोग्राम लावला. पडद्यावर एकाखाली एक ओळी येत गेल्या. आडवं चारशे बारा पूर्णांक सहा, उभं एकशे अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन. दर वेळी तेच.

“हे नाही समजून राहिलं,” मुकुंद डोकं खाजवत म्हणाला. “बिघडलेलं मशीन काहीही बरळते ना सर. हे तर एकच गोष्ट सांगून राहिलं. आणि ठोकळा टेबलापासून वीतभर जरी उचलला तरी टेबल आंधळं होते. मग हा बिंदू देऊन कोण राहिलं?”

त्याला भूक लागली होती, म्हणून तो खाणीच्या कँटीनकडे गेला. भिसीकर टेबलाशी एकटे उरले. ऊन नकाशावर सरकत आलं होतं.

३

त्यांनी पट्टी घेतली. काही विशेष नाही, नुसतं बघायचं, असं स्वतःला सांगितलं. चारशे बारा मिलिमीटर आडवं मोजलं, एकशे अठ्ठ्याऐंशी उभं. पेन्सिलीचं टोक जिथं टेकलं तिथं नकाशा कोरा होता.

मोजणी करताना दर पन्नास फुटांवर छताला लाकडी खुंटी ठोकतात आणि तिला नंबर देतात. नकाशावर सात नंबरची गॅलरी सहाव्या खुंटीशी संपत होती. पेन्सिल टेकली ती जागा तिथून पुढं होती, दीडशे फुटांवर, उजवीकडे थोडी वळून. ती नववी खुंटी होती. ती खुंटी जगात एकाच माणसाला ठाऊक होती, कारण त्या मोजणीचं पान त्या माणसानं वहीतून फाडून चुलीत घातलं होतं. तो माणूस म्हणजे दत्तात्रय भिसीकर.

शहात्तर सालची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस. खाण बंद, कामगार घरी. मोजणी अशाच दिवशी करतात, कारण बोगदे मोकळे असतात. खाली दोघंच होते, भिसीकर आणि त्यांचा बत्तीवाला चिंधू. मोजणीदार तिपाईवरची दुर्बीण घेऊन पहिल्या खुंटीखाली उभा राहायचा आणि बत्तीवाला कार्बाईडचा दिवा धरून पुढच्या खुंटीखाली. दुर्बिणीची फुली दिव्याच्या ज्योतीवर आणून माप घ्यायचं. बोगद्यात हाक घुमते, समजत नाही, म्हणून सगळा कारभार दिव्यांचा. मोजणीदारानं दिवा आडवा हलवला तर पुढच्या खुंटीवर जा. गोल फिरवला तर काम झालं, परत ये आणि दिवा माझ्या हातात दे. तोवर बत्तीवाला जागचा हलत नाही. हलला तर माप बिघडतं, म्हणून शिकताना पहिली शिवी त्यालाच बसते. चिंधूला पहिल्या वर्षानंतर कधी शिवी बसली नाही. अंगावरून घूस गेली तरी त्याचा दिवा हलत नसे.

आणि त्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. भिसीकर मूळचे पांढुर्ण्याचे. त्या दिवशी पांढुर्ण्याचा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही असो, जीव त्याचा जाम नदीच्या पात्रात असतो. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे पळसाच्या झाडावर झेंडा, आणि दोन्ही काठांवरून दगड. भिसीकरांनी समजायला लागल्यापासून एक साल चुकवलं नव्हतं. सौंसरहून बारा वाजताची बस होती. नवव्या खुंटीचं माप घेतलं तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. त्यांनी घाईनं दुर्बीण उतरवली, पेटीत घातली, पेटी खांद्यावर टाकली आणि निघाले. वर जाणाऱ्या उताराच्या वळणावर त्यांना आठवलं की दिवा फिरवायचा राहिला. मागं फिरायचं तर तीनशे पावलं होती. येईल की तो, असं म्हणून ते वर चढले.

त्या दुपारी ते नदीकाठी गर्दीत उभे राहून ओरडत होते, तेव्हा शेजारच्या जुन्या खोदाईतलं पाणी भिंत फोडून सातव्या गॅलरीत शिरलं.

चौकशीत त्यांनी सांगितलं, “चिंधू माझ्या आधी वर आला. लोधीखेड्याकडे जातो म्हणाला.” सुट्टीच्या दिवसाची हजेरी नव्हती, साक्षीदार नव्हता. खरं सांगितलं असतं तर मोजणीचं सर्टिफिकेट गेलं असतं, वर तुरुंगही. पुढचं लोकांनी जोडलं. लोधीखेड्यात म्हणे त्यानं बाई ठेवली होती. त्याच्या बायकोला तेव्हापासून गाव ‘टाकलेली’ म्हणत आलं. पहिली काही वर्षं ती लोधीखेड्याकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना त्याच्याबद्दल विचारायची, मग हळूहळू विचारेनाशी झाली. भिसीकरांनी तिला ऑफिसात कामाला लावून घेतलं, आणि लोक म्हणाले, साहेब मोठ्या मनाचे.

ती मनकर्णा. आत्ता ती ओसरीवर कपबश्या विसळत होती.

४

त्या संध्याकाळी भिसीकरांनी स्वतःची नीट समजूत घातली. ते पान फाडलं खरं, पण आकडे डोक्यात होतेच. मशीनवर बसून गेले सहा महिने आपणच बटणं दाबतोय. कधीतरी डुलकीत, अर्धवट झोपेत, हातानं तो बिंदू टिपला असेल आणि मशीननं धरून ठेवला असेल. वयाची गोष्ट आहे. इतकी चांगली कारणं सापडल्यावर माणसाला झोप लागायला हरकत नव्हती. त्यांना झोप लागलीही, आणि झोपेत ते रात्रभर एका उताराच्या वळणावर उभे होते, खांद्यावर पेटी घेऊन.

शुक्रवारी सकाळी मॅनेजरसाहेब येऊन गेले. रेतीचे ट्रक सांगून ठेवले होते. “भिसीकरजी, कल भराई शुरू. नक्शा आज शाम तक चाहिए.” भिसीकर ‘जी’ म्हणाले. उद्या रेती पडली की गोष्ट संपली. दोन-तीन महिने ढकलायचे आणि घरी जायचं. मनकर्णा साहेबांच्या कपात चहा ओतत होती आणि तिच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांचा आवाज येत होता. बारा वर्षं तो आवाज ते ऐकत आले होते. आज तो त्यांना ऐकवेना.

दुपारी अडीचच्या सुमारास मुकुंद टेबलाखालून ओरडला, “सापडलं!”

तो धुळीनं माखून बाहेर आला. “सर, काय सोपं होतं पाहा. टेबल बिंदू पाठवते, बरोबर? पाठवला की ते थांबून राहते. कॉम्प्युटरनं उलट कळवायचं असते, पोचला म्हणून. ते कळवायचं काम ड्रायव्हरचं. तुमच्या फ्लॉपीवरच्या ड्रायव्हरमध्ये ती एक ओळच नाही. मग टेबल बिचारं काय करीन? पोचलं का, पोचलं का, म्हणून तोच बिंदू पुन्हा पाठवून राहिलं. हलूनच नाही राहिलं जागचं.”

भिसीकर नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेकडे बघू लागले.

“मी ती ओळ टाकली. आता फक्त एंटर मारतो.”

“थांबा,” भिसीकर म्हणाले. आपला आवाज त्यांना दुरून आल्यासारखा वाटला. “उद्या करू.”

“उद्या कशाला? पाच मिनिटांचं काम आहे.”

“अहो, निरोप गेल्यावर ते काय करील?”

मुकुंदला प्रश्न विचित्र वाटला. “काय करणार? मोकळं होईल,” तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

५

चार मिनिटं गेली. मग आठ. मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती. खिडकीबाहेर कोणीतरी कापसाची बैलगाडी हाकत गेलं, तिचं करकरणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. मुकुंदनं विजयी मुद्रेनं हात झटकले, आणि भिसीकरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मनकर्णेला दोन चहा सांगितले.

टुक.

नवे आकडे होते. भिसीकरांना आता पट्टीची गरज नव्हती. ती आठवी खुंटी.

“च्यायला,” मुकुंद म्हणाला.

टुक. सातवी.

मुकुंद भराभर वायरी चाचपू लागला. भिसीकर घड्याळाकडे बघत होते. दोन खुंट्यांमध्ये पन्नास फूट. कोरड्या बोगद्यात माणूस ते दहा-बारा सेकंदांत चालतो. इथं मिनिटभर लागत होतं. पाण्यातून चालायचं तर तेवढा वेळ लागतोच, असा हिशेब त्यांच्या मनानं त्यांना न विचारता करून टाकला. सहावी. पाचवी. पाचवीनंतर बराच वेळ काही आलं नाही. तिथं छत खाली आलं होतं, कमरेत वाकून जावं लागे, आणि हे नकाशात कुठंही लिहिलेलं नव्हतं. मग चौथी आली.

“सर, ठोकळा कुठी आहे?” मुकुंदनं विचारलं.

ठोकळा कठड्यावरच होता, फडक्यात. भिसीकरांनी जाऊन फडकं सोडलं. ठोकळा हातात घेतला, तो विहिरीतून काढलेल्या दगडासारखा गार होता. सवयीनं त्यांनी भिंगाला डोळा लावला.

खिडकीचं लाकूड दिसायला हवं होतं. भिंगात काळोख होता. खोल, लांबवर गेलेला काळोख, आणि त्याच्या मध्यावर, फुलीवर बरोबर, एक पिवळा ठिपका. ज्योत उलटी होती, टोक खाली. जुन्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, हे मोजणीदाराखेरीज कोणाला ठाऊक नसतं. ज्योत हलत नव्हती. नुसती मोठी होत होती.

त्यांनी ठोकळा फडक्यात गुंडाळला आणि हलक्या हातानं खाली ठेवला.

“काय दिसलं?” मुकुंदनं विचारलं.

“काही नाही. भिंगाला ओल आलीय.”

६

आकडे पहिल्या खुंटीवर येऊन थांबले. शहात्तर साली भिसीकरांची तिपाई उभी होती ती जागा. मुकुंदनं आता पडद्यावर नकाशा घेतला होता. हिरव्या रेघांच्या टोकाशी एक ठिपका लुकलुकत होता.

“उभं राहिलं,” तो हळूच म्हणाला. “आता काय पाहिजे याला?”

दिवा मोजणीदाराच्या हातात द्यायचा असतो, हे भिसीकर जाणून होते. तो घ्यायला तिथं कोणी नाही, हेही. उद्या त्याच जागेवर रेती पडायची होती. त्यांना एकदम हुंदका आला, इतक्या वर्षांत एकदाही न आलेला.

मनकर्णा चहा घेऊन आत आली. साहेबांचा चेहरा पाहून ती दाराशीच थबकली. “काय झालं जी?”

“मनकर्णाबाई,” भिसीकर म्हणाले. तिला ते नेहमी नुसतं मनकर्णा म्हणत. “चिंधू लोधीखेड्याला गेला नव्हता. मी खोटं बोललो. तो वर आलाच नाही. मला गोटमारला जायची घाई होती, मी त्याला परत बोलावलं नाही, तसाच उभा ठेवून वर आलो. तो खालीच राहिला. त्याची काही बाई नव्हती कुठं. गावात जे बोलतात ते सगळं माझ्यामुळं.”

मुकुंद भिंतीला टेकला. मनकर्णेनं ट्रे टेबलाच्या कडेवर ठेवला, अगदी नीट, कप हलू न देता. तिनं आपल्याला मारावं, शिव्या घालाव्या, असं भिसीकरांना फार वाटलं.

“जेवले होते का जी थे?” तिनं विचारलं.

“नाही. डबा खाणीच्या तोंडाशी कोनाड्यात ठेवला होता त्यानं. वर आल्यावर खाईन म्हणाला.”

“मंग डबा कुठी गेला?”

हा प्रश्न बारा वर्षांत कोणी विचारला नव्हता, चौकशीतसुद्धा. “दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन मीच उचलला,” भिसीकर म्हणाले. “कन्हान नदीत टाकला, पुलावरून.”

“पुरनपोयी होती त्यात,” मनकर्णा म्हणाली. “पोयाची उरलेली. तूप जास्त लावलं होतं.”

मग ती सावकाश पडद्यापाशी आली. वाचता तिला येत नव्हतं, पण तो एक ठिपका सोडून तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. “हे थे हायेत काय?”

भिसीकरांनी मान हलवली.

“इतक्या वर्षांचे उभेच हायेत?” तिचा आवाज आता फाटला. “तुम्ही नाही बोलावलं त मले सांगाचं होतं जी. मी बोलावलं असतं.”

तिनं डोळे पुसले, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “चाला आता घरी.”

टुक. ठिपका हलला. भिंतीतून पार झाला, मोठ्या बोगद्यात आला, उतार चढू लागला. आवाज आता पावलांसारखे लागोपाठ येत होते. खाणीच्या तोंडातून तो बाहेर पडला आणि नकाशाच्या काठाकडे निघाला. मजुरांच्या चाळी त्या बाजूला होत्या, पण त्या या नकाशावर नव्हत्या. ठिपका पडद्याच्या कडेवरून दिसेनासा झाला. आकडे मात्र येत राहिले. हजार चार, हजार एकोणीस, हजार चाळीस.

“हे टेबल हजाराच्या पुढं मोजतच नाही,” मुकुंद म्हणाला. “तिथं टेबल संपते, सर. हे आकडे ते देऊच नाही शकत.”

मनकर्णेनं ते ऐकलं नाही. ती चपला घालून केव्हाच बाहेर पडली होती.

७

भिसीकरांनी कागद घेतला आणि मॅनेजरसाहेबांना सगळं लिहून काढलं. सात नंबरच्या गॅलरीत नवव्या खुंटीशी एक माणूस आहे, रेती टाकू नये, आधी पाणी उपसावं. खाली तारीख घालून सही केली आणि साक्षीदार म्हणून मुकुंदची सही घेतली.

“ड्रायव्हर काढून टाकू का सर?” मुकुंदनं विचारलं.

“राहू दे बाबू. चांगला चालून राहिला.”

मशीन गप्प झालं होतं. भिसीकर खिडकीशी गेले. ऊन पिवळं झालं होतं. चाळींकडे जाणारा रस्ता लांबपर्यंत दिसत होता आणि त्यावर एकटी मनकर्णा.

तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. या रस्त्यानं जाताना तिनं कधी पदर घेतलेला भिसीकरांनी पाहिला नव्हता. मान खाली घालून ती रस्त्याच्या कडेनं सावकाश चालली होती, घरधनी पुढं असला की बायका दोन पावलं मागून चालतात तशी. तिच्यापुढं रस्ता रिकामा होता. मधेच ती थांबली, पुढचा माणूस बिडी पेटवायला थांबला की बाई थांबते तशी, जमिनीकडे बघत. मग पुन्हा चालू लागली.

वळणावर ती पुन्हा थांबली. या वेळी तिनं मान वर केली. कोणीतरी काही विचारत असावं आणि ती ऐकत असावी, असा तिचा चेहरा वर होता. मग ती वळली आणि सरळ ऑफिसच्या खिडकीकडे, भिसीकरांकडे बघू लागली. इतक्या लांबून तिचे डोळे दिसत नव्हते. भिसीकरांनी खिडकीचा गज धरला. आपलं काय करायचं ते तिथं ठरतंय, हे त्यांना कळलं; पळून जायचा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला. ती किती वेळ बघत होती कोण जाणे.

शेवटी तिनं पुढं तोंड करून मान हलवली. नाही म्हणताना हलवतात तशी, दोनदा. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग पदर सारखा करून ती चाळींच्या वाटेला लागली, दोन पावलं मागून.